जेवणानंतरची साखर: नव्यानं शुगर निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुगर निघाली की माणूस दवाखान्यातून एक चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं आणि "भात-साखर कमी करा" एवढं ऐकून घरी येतो. मग मुलगा अमरावतीहून किंवा नागपूरहून मीटर पाठवतो आणि खरा गोंधळ सुरू होतो. आकडा तर दिसतो, पण तो चांगला की वाईट ते कोणी सांगत नाही. उपकेंद्रात आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते जेवल्यानंतरच्या आकड्याबद्दल. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत.

ही उत्तरं टाइप २ मधुमेह निघालेल्या आणि गोळ्या सुरू असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहेत. गरोदर बाई, लहान मूल, इन्सुलिन घेणारे किंवा किडनीचा त्रास असलेले यांचं गणित वेगळं असतं. ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावं.

जेवल्यावर साखर किती पाह्यजे?

मधुमेह असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी जेवणानंतर १८० च्या आत आणि जेवणाआधी ८० ते १३० हे लक्ष्य धरतात. काही डॉक्टर तरुण रुग्णाला जेवणानंतर १६० च्या आत ठेवायला सांगतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आजोबांना तेच डॉक्टर २०० पर्यंत चालवून घेतील, कारण त्या वयात साखर एकदम खाली जाणं जास्त धोक्याचं असतं. गरोदरपणात मात्र दोन तासांनंतरची मर्यादा १२० इतकी कडक असते.

लॅबच्या रिपोर्टवर मात्र "७० ते १४०" छापलेलं असतं आणि तुमचा १६५ ठळक अक्षरांत येतो. तो पाहून अख्खं घर घाबरतं. १४० ची रेघ मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. शुगर निघून महिना-दोन महिने झालेत, गोळी सुरू आहे आणि जेवणानंतर १६५ आलंय, तर ती चांगली बातमी आहे.

दोन तास कधीपासून मोजायचे? जेवण झाल्यावर की बसल्यापासून?

पहिला घास तोंडात घातला तेव्हापासून. साडेबाराला ताटावर बसलात तर अडीचला तपासा, मग जेवण एकला संपलेलं का असेना.

मधल्या दोन तासांत काही खायचं-प्यायचं नाही, पाणी सोडून. जेवून उठल्यावर बांधावर बसून घेतलेला अर्धा कप गोड चहा लोक मोजतच नाहीत. बडीशेपेबरोबर तोंडात टाकलेली खडीसाखरही धरत नाहीत. आणि मग विचारतात, "दोन पोळ्याच त खाल्ल्या होत्या, २३० कशी आली?"

लॅबमध्ये पीपी (जेवणानंतरची साखर) तपासायला जाताना काय खायचं?

रोज खाता तेच, रोज खाता तेवढंच आणि गोळीही रोजच्यासारखीच, जर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. तालुक्याला उपाशी पोटी रक्त देऊन समोरच्या टपरीवर एक प्लेट तर्री पोहे आणि आलूबोंडा खाल्ला, तर येणारा आकडा त्या टपरीचा असतो. घरच्या ताटाबद्दल तो काही सांगत नाही. उलटंही होतं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून काही जण दोन बिस्किटं खाऊन दोन तास काढतात. डब्यात घरची पोळी-भाजी घेऊन जा, हा सगळ्यात सोपा उपाय.

पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती तपासणी वेगळी. ती मधुमेह आहे की नाही हे ठरवायला असते आणि तिथे दोन तासांनी २०० किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. ज्याचं निदान आधीच झालंय त्याला पुन्हा ग्लुकोज पाजून तपासायचं कारण नसतं.

जेवल्यावर २२० आली. आता काय करू?

आधी जेवणाच्या अगोदरचा आकडा सांगा. तो नसेल तर २२० ला काही अर्थ लावता येत नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

समजा दोन माणसं आहेत. दोघांचीही जेवणानंतरची साखर २२०. पहिल्याची जेवणाआधी १७५ होती, म्हणजे जेवणानं फक्त ४५ वाढवली. दुसऱ्याची आधी ११० होती, म्हणजे जेवणानं ११० वाढवली. पहिल्याच्या ताटात फारसा दोष नाही. त्याची साखर रात्रंदिवस वरच आहे, त्याला औषधाचा डोस, वजन आणि झोप याबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागेल. नाल्याला आधीच पूर असला की एका सरीनंही पाणी पुलावरून जातं, त्यात त्या सरीचा काय दोष? दुसऱ्यानं मात्र ताटात काय होतं हे बघायला पाहिजे. त्याला गोळी वाढवण्याआधी भात अर्धा करून, डाळ-भाजी वाढवून पुन्हा तपासायला सांगावं लागेल.

ढोबळमानानं जेवणाआधी आणि दोन तासांनंतर यांत ३० ते ५० चा फरक पडला तर जेवण पचनी पडलं असं समजा. ६०-७० च्या वर फरक जात असेल आणि तेच जेवण पुन्हा घेतल्यावरही तसंच होत असेल, तर त्या ताटात काहीतरी जास्त आहे.

एक आकडा पाहून काहीच बदलू नका, गोळी तर मुळीच नाही. त्याच जेवणाच्या जोड्या (आधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा) दोन-तीन वेळा तपासल्या की चित्र दिसायला लागतं. अनेक नवीन रुग्णांत उपाशी पोटीची साखरही जास्त असते. ती खाली आली की जेवणानंतरचीही आपोआप बरीच उतरते. म्हणून सुरुवातीला डॉक्टर जेवणानंतरच्या आकड्याकडे फारसं लक्ष देत नाहीत असं वाटलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

मी त भातच सोडला, भाकरीच खातो. तरी काऊन वाढते?

कारण भाकरीनंही साखर वाढते. हे ऐकून माणसं नाराज होतात, पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय पदार्थ ६५ ते ७० ग्रॅम असतात, गव्हाच्या पिठातही साधारण तेवढेच आणि तांदळात ७८ च्या आसपास. फरक आहे, पण "भाकरी कितीही खा" म्हणण्याइतका नाही. ज्वारीत चोथा जास्त म्हणून ती जरा सावकाश पचते, पोट लवकर भरतं, हा तिचा फायदा. वऱ्हाडात हाताएवढ्या जाड तीन भाकरी खाऊन "मी भात बंद केला" म्हणणारे बरेच भेटतात. भंडारा-गोंदियाकडे प्रश्न उलटा असतो. तिथे दोन्ही वेळचं जेवणच भाताचं, त्यामुळे "भात बंद" हा सल्ला घरी पोचेपर्यंत हवेत विरतो.

भात बंद करा असं मी कोणाला सांगत नाही. तो टिकत नाही, आणि चार दिवसांनी माणूस सगळंच सोडून देतो. त्यापेक्षा हे करून बघा आणि मीटरलाच विचारा:

ताटात आधी काकडी, मुळा, कांदा, मग भाजी आणि घट्ट वरण किंवा कढीगोळे, आणि भात-पोळी सगळ्यात शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम बदलला तरी अनेकांचा दोन तासांचा आकडा कमी येतो. भाताची रास घालून त्यावर पातळ वरण ओतण्याऐवजी वाटीनं मोजून भात घ्या. अंबाडीची भाजी, चवळी, बरबटीच्या शेंगा, मोड आलेली मटकी, फुटाणे, अंडं, मासळी यांना ताटात जागा द्या. जवसाची चटणी खुशाल खा. जेवल्यावर लगेच खाटेवर पडण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं गावातून एक चक्कर मारा. रात्रीच्या जेवणानंतरची ही चक्कर मला कुठल्याही पथ्यापेक्षा जास्त कामाची वाटते, कारण आपल्याकडे रात्री सगळ्यात जड जेवण होतं आणि लगेच अंथरूण.

गूळ त चालते ना?

नाही. गूळ आणि साखर दोन्ही उसाचेच, आणि गुळातही बहुतांश साखरच असते. गुळाच्या चहानं आकडा तसाच चढतो. मधाचंही तेच. पॅकेटवर "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतो, हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत सापडेल.

संत्री खाऊ का?

एक आख्खं संत्रं, फोडी करून, जेवणाला लागून नाही तर मधल्या वेळी. रस नको, कारण एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा गाळून फेकला जातो. सीताफळ आणि पिकलेला आंबा जास्त जपून, अर्धं किंवा दोन-तीन फोडी. उसाचा रस तर नकोच.

आणि संत्र्याची दुसरी गोष्ट. ते सोलल्यावर हात न धुता बोट टोचलं, तर बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. नुसतं स्पिरिटनं पुसून हे पुरेसं जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटानं थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचण्याच्या दिवसांतही हे लक्षात ठेवा. फुलांचा चिकटपणा म्हणजे साखरच. अचानक ३५० दिसलं आणि तब्येत ठणठणीत असेल, तर घाबरण्याआधी हात धुऊन दुसऱ्या बोटातून पुन्हा बघा.

उपाशी पोटी १६०, आणि जेवल्यावर १५०. मशीन बिघडली का?

बिघडली नसावी. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. मधुमेहात ती आवरायला इन्सुलिन कमी पडतं, म्हणून काही न खाताही सकाळची साखर चढलेली असते. त्यावर सकाळची गोळी, हलका नाश्ता आणि शेताकडे चालत जाणं, एवढ्यानं दोन तासांनी आकडा खाली येऊ शकतो. असं वारंवार होत असेल तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, रात्रीच्या औषधात बदल करायचा का ते ठरवतील. "उपाशी राहून वाढते, म्हणजे रात्री जास्त जेवावं" असा अर्थ कोणी काढू नये.

लॅबमध्ये १७८ आणि घरच्या मीटरवर २०६. कोणाचं खरं?

दोन्ही. घरच्या मीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानकच असं आहे की १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी साखर २०० असताना मीटरनं १७० किंवा २३० दाखवलं तरी ते मीटर पास. शिवाय जेवणानंतर बोटाच्या टोकातल्या रक्तात हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्तच असते, वीस-पंचवीसनं, कधी त्याहूनही जास्त. उपाशी पोटी हा फरक जवळजवळ नसतो. म्हणून मीटरची लॅबशी तुलना करायची असेल तर सकाळी उपाशी पोटी, एकाच वेळी करा.

लॅबचंही एक पाहा. गावात शिबिरात रक्त घेऊन तालुक्याला नेलं आणि नळी तशीच तासन्‌तास राहिली, तर त्यातल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि रिपोर्ट कमी येतो. साखरेसाठी करड्या झाकणाची नळी वापरतात ती यासाठीच.

उन्हाळ्यात आकडे वेडेवाकडे येतात.

पट्ट्या बघा. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. टिनाच्या छपराखाली किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवलेल्या पट्ट्या खराब होतात. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाच्या जवळ पण ओल लागणार नाही अशा जागी डबी ठेवा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नको. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, पट्ट्या खिशात सुट्या नेऊ नका आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनानं टाका. उघडल्यानंतर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं.

उन्हात पाणी कमी पडलं की साखर खरोखरही वाढते. अशा वेळी तहान भागवायला पन्हं किंवा थंडाची बाटली घेतली तर आणखीच. मठ्ठा, साधं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी बरं.

एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते. किती वेळा तपासू?

रोज चार वेळा बोट टोचायची गरज गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना नसते. पंचवीस पट्ट्यांची एक डबी नीट वापरली तर सुरुवातीचा महिना सहज निघतो. एका दिवशी एकाच जेवणाची जोडी तपासा: आधी आणि दोन तासांनी. सोमवारी सकाळचा नाश्ता, गुरुवारी दुपारचं जेवण, रविवारी रात्रीचं. पुढच्या आठवड्यात तेच फिरवून.

वही शाळेतली जुनी चालेल. एका ओळीत एवढंच: "गुरुवार, दुपार. १२.३० ला आधी १२४. दोन भाकरी, वांग्याची भाजी, भात एक वाटी, वरण. गोळी घेतली. २.३० ला १९१. सकाळी डवरणीला गेलो होतो." डॉक्टरला अशा दहा ओळी मिळाल्या तर ते दोन मिनिटांत सांगतील. नुसते आकडे मोबाइलवर फोटो काढून आणले, तारीख-वेळ नाही, काय खाल्लं ते नाही, तर त्यांनाही अंदाजच करावा लागतो.

शेतात काम करताना चक्कर येते, घाम फुटतो. साखर कमी झाली का?

झाली असेल. ७० च्या खाली गेली तर लगेच काहीतरी करायचं, ५४ च्या खाली म्हणजे धोका. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल तर होतं, आणि आपल्याकडे ते नेमकं रोवणीच्या, सोयाबीन काढणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत होतं. सकाळी गोळी घेतली, डबा वावरात जायला दुपारचे दोन वाजले, मधे चार तास वाकून काम. गोळी पोटात आणि जेवण वाटेवर. ही गोळी जेवणाला लागूनच घ्यायची, जेवायला उशीर होणार असेल तर काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं.

लक्षणं दिसली की मीटर जवळ नसला तरी थांबू नका. चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, सावलीत बसा. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी खा, नाहीतर तासाभरात परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा.

गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का ते आजच बघून ठेवा. ही औषधं आतड्यात साखर फोडूच देत नाहीत, त्यामुळे अशा वेळी साखरेचं पाणी, गूळ, बिस्किट लवकर काम करत नाही. त्यांनी मेडिकलमधून साधी ग्लुकोज पावडर आणून पुडी बांधून खिशात ठेवावी.

११० आली तरी हातपाय थरथरतात.

नवीन रुग्णांत हे होतं. शरीराला कित्येक महिने २५०-३०० ची सवय लागलेली असते, ते ११० लाच कमी समजतं. मीटरवर खरंच ७० च्या वर असेल तर साखरेचं पाणी पिऊ नका. फुटाण्यांची मूठ खा, थोडं बसा. दोन-चार आठवड्यांत सवय होते. याच काळात डोळ्यांना धूसर दिसू शकतं. साखर स्थिर होईपर्यंत नवीन चष्म्याचे पैसे घालू नका.

एकादशीला आणि महालक्ष्मीच्या जेवणाला काय करायचं?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची एक ताटली आणि वर उकडलेला आलू, यानं दोन तासांनी किती होते ते एकदा तपासूनच बघा, माझ्या सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल. भगर थोडी घेऊन शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी जास्त घेतली तर आकडा तुलनेनं बरा राहतो. निर्जळ उपास किंवा रोजे धरायचे असतील तर गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय धरू नका.

महालक्ष्म्यांना पुरण असणारच आणि आपल्याकडे पुरणपोळीबरोबर तुपाची वाटी येते. तुपानं पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून दोन तासांनी आकडा बरा दिसतो आणि साडेतीन-चार तासांनी चढतो. सावजी रस्सा आणि त्याबरोबर भरपूर रोटी-भात यांचंही तसंच. अशा जेवणानंतर एखादी पट्टी चार तासांनी वापरा. सोळा भाज्या पोटभर खा, पुरणपोळी एक घ्या, भात त्या दिवशी राहू द्या. वर्षातून एका दिवसाचे २४० कोणाचं नुकसान करत नाहीत. त्याबद्दल सुनेनं सासऱ्यांना आठवडाभर बोलणं लावू नये.

तीन महिन्यांची शुगर चांगली येते, पण जेवणानंतर नेहमी २३०-२४०. असं कसं?

तीन महिन्यांची म्हणजे एचबीए१सी. ती ७ असेल तर सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ असेल तर १८३. उपाशी पोटी उत्तम आणि जेवणानंतर उंच, असं असलं तरी सरासरी बरी दिसू शकते. हे एक कारण.

दुसरं कारण विदर्भात विसरून चालणार नाही, ते म्हणजे सिकलसेल, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. ही तपासणी लाल पेशीला चिकटलेली साखर मोजते आणि पेशी साधारण चार महिने जगते असं धरते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. नुसत्या वाहकातही काही मशीनवर चुकीचा आकडा येऊ शकतो. उलट, लोह कमी पडून रक्त कमी झालेल्या बाईत एचबीए१सी खरीपेक्षा जास्त दिसते. त्यात भर म्हणजे रक्त फारच कमी असेल तर बोटाचं मीटरही साखर वाढवून दाखवतं.

म्हणून तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल, घरात कोणाला असेल किंवा हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात असेल, तर शुगरच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. अशा रुग्णात एचबीए१सीच्या भरवशावर न राहता शिरेतलं रक्त घेऊन उपाशी पोटीची आणि जेवणानंतरची साखर अधूनमधून लॅबमध्ये करावी लागते.

सकाळची नेहमी १२०, पण दुपार-संध्याकाळची ३०० च्या वर. पथ्य तर पाळतो.

गुडघ्यासाठी, कंबरेसाठी किंवा अंग दुखतं म्हणून काही घेता का? पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या, "ताकदीचं" इंजेक्शन? त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडची खूणच ही: सकाळ ठीक आणि जेवणानंतरचे आकडे आभाळात. त्या गोळीनं गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो म्हणून माणूस ती सोडत नाही. पाकीट, पुडी, जे असेल ते दवाखान्यात घेऊन या. दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनीच प्रेडनिसोलोन दिलं असेल तर ते आपल्या मनानं एकदम बंद करू नका, त्यानं जीवावर बेतू शकतं.

खर्र्यानं साखर वाढते का?

खर्रा खाल्ल्यावर दोन तासांनी मीटरवर फारसं काही दिसणार नाही, म्हणून लोकांना तो निर्दोष वाटतो. पण तंबाखूतलं निकोटिन इन्सुलिनचं काम बिघडवतं, हिरड्या सडवतं आणि पायाच्या रक्तवाहिन्या आकसवतं. मधुमेहात नेमकं हेच परवडत नाही.

मोहाची किंवा कुठलीही दारू उपाशी पोटी, वरून ग्लिमेपिराइड: रात्री झोपेत साखर खाली जाते आणि घरचे समजतात दारू चढलीय. याबाबत मला मधला मार्ग दिसत नाही.

महिनाभर १४०-१५० येतंय. गोळी बंद करू?

गोळी चालू आहे म्हणून १४० येतंय. वजन उतरलं, ताट बदललं तर डॉक्टर डोस कमी करतात, काहींची गोळी सुटतेही. पण ती त्यांच्या हातानं सुटू द्या.

कोणत्या आकड्याला दवाखान्यात धावायचं?

हात धुऊन दोनदा तपासल्यावरही ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी यांपैकी काहीही असेल तर त्याच वेळी. मीटरवर आकड्याऐवजी "एचआय" (HI) अशी अक्षरं आली तर बहुतेक मीटरमध्ये साखर ६०० च्या पुढे गेलेली असते, तेव्हा तर गाडीची वाटही बघू नका, १०८ बोलवा. नुसतं २५० आहे, बाकी बरं आहे, तर पाणी प्या, वहीत लिहा, दोन-तीन दिवसांत भेटा.

तरुण आणि बारीक माणूस, वजन भराभर उतरतंय, गोळ्या घेऊनही जेवणानंतर ३००-४०० च आहे, तर हा साधा टाइप २ नसूही शकतो, इन्सुलिन लागू शकतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. मधुमेहात क्षयरोगाचा धोका दोन-तीन पट असतो.

उपकेंद्रात काय फुकट मिळतं?

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब यांची तपासणी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, समुदाय आरोग्य अधिकारी तपासतात, आणि निदान झालेल्यांना मेटफॉर्मिनसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथूनच दर महिन्याला मिळाव्यात अशी योजना आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. गोळ्या कधी संपलेल्या असतात, हेही खरं. म्हणून आठवडाभर पुरतील एवढ्या शिल्लक असतानाच चौकशी करा. घरी वापरायच्या पट्ट्या मात्र स्वतःच आणाव्या लागतात.

माझ्याच मीटरनं घरच्या सगळ्यांची तपासली त चालते का?

मीटर चालतं, सुई नाही. प्रत्येकाला नवी सुई, आणि टोचायचं पेन शक्यतो एकाच माणसापुरतं, कारण त्याच्या टोकाला राहिलेल्या रक्तातून 'ब' प्रकारची कावीळ (हिपॅटायटिस बी) पसरू शकते. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांनी तिशीची वाट न पाहता एकदा तपासून घ्यावं, पण निदान मीटरच्या आकड्यावर ठरवू नका. घरच्या मीटरवर उपाशी पोटी १०० च्या वर दिसलं की लॅबमध्ये शिरेतलं रक्त देऊन खात्री करा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की उपकेंद्रात आणून द्या. उकिरड्यावर टाकलेली सुई शेणखताबरोबर वावरात जाते आणि निंदणाच्या वेळी कोणाच्या तरी हातात शिरते.